बाळाच्या टाचेचं कार्ड

तिला सगळे डास म्हणतात. धाकटी माणसं डासताई म्हणतात, एवढाच फरक. हे नाव पाच वर्षांच्या एका पेशंटने ठेवलं. हातात ट्रे घेऊन ती खाटेजवळ आली तसा तो किंचाळला, "आई, डास आला!" सगळा वॉर्ड हसला, तीही हसली. दुसऱ्या दिवशी ड्युटीच्या फळ्यावर तिच्या नावापुढे कुणीतरी खडूने सहा पायांचा डास काढून ठेवला होता. तिने तो पुसला नाही. त्याला आता सव्वीस वर्षं झाली.

मुलांच्या या मोठ्या इस्पितळात रक्त काढणं हे तिचं काम. मोठ्या माणसाची शीर डोळ्यांनी दिसते, नवजात बाळाची बोटांनी शोधावी लागते. ती डोळे मिटते, तर्जनीचं टोक त्या इवल्या मनगटावर ठेवते आणि थांबते. ती जागा दोऱ्याहून बारीक असते, कधी लागते, कधी लागत नाही. दोनदा चुकलं तर ती तिसऱ्यांदा टोचत नाही, दुसऱ्या कुणाला तरी बोलावते. हा तिचा स्वतःचा नियम, कुणी घालून दिलेला नाही. तीन किलोच्या बाळाच्या अंगात सगळं मिळून एक पेलाभर रक्त असतं, आणि आपण त्यातून रोज चमचा चमचा उपसत असतो, हे ती कधी विसरत नाही. म्हणून नळीवर जिथे खूण असते तिथेच तिचा हात थांबतो, थेंबभरही पुढे जात नाही.

तिचा नवरा घराच्या पुढच्या खोलीत शिलाई मशीन दुरुस्त करतो. ती घरी आली की मान वर न करता विचारतो, "काय, आज किती जणांचं रक्त प्यायलीस?"

"तुमचं सोडून सगळ्यांचं."

"माझं लग्नातच संपलं."

एवढं झालं की ती चप्पल काढते.

तीन वर्षांपूर्वी इस्पितळात एक नवी तपासणी आली. आयसीयूमधल्या एखाद्या बाळाला काय झालंय हे कुणालाच कळत नसेल, तर त्याचं, आईचं आणि बापाचं अशा तीन नळ्या रक्त दूरच्या शहरातल्या प्रयोगशाळेत पाठवायचं. माणूस ज्या मजकुरावरून घडतो तो तिथे सबंध वाचतात. तिन्ही मजकूर शेजारी शेजारी ठेवून चूक कुठे आहे ते शोधतात. पूर्वी याला महिने लागायचे, आता पाच-सहा दिवसांत कागद येतो. मात्र एका तपासणीचा खर्च असा की त्यात आजारी बाळाला ऊब देणारे दोन वॉर्मर येतील. एका विश्वस्त निधीतून वर्षाला दहा तपासण्यांची सोय झाली होती. कुणाची करायची याचा अर्ज लेखाधिकाऱ्यांच्या टेबलावरून जायचा. त्यांना सगळे फुलीसाहेब म्हणत, कारण दहातल्या सहा अर्जांवर ते लाल फुली मारत.

ज्या बाळाची ही गोष्ट, ते एका मंगळवारी पहाटे गावाबाहेरच्या लहान सूतिकागृहातून आलं. वय अकरा दिवस. तोंडातून नळी, नळीमागे व्हेंटिलेटर. फिट नाही, ताप नाही, मेंदूचा फोटो स्वच्छ. फक्त अंगात जोर नाही. हात उचलून सोडला की ओल्या फडक्यासारखा पडायचा. डोळे मात्र उघडे, आणि ते डोळे माणसाच्या मागे मागे फिरायचे. अंगापासून वेगळे राहून जगत असल्यासारखे.

आयसीयूच्या धाकट्या डॉक्टरबाईंनी आईबापाला कोपऱ्यातल्या दोन खुर्च्यांवर बसवलं. बाप फरशा बसवणारा. पँटच्या गुडघ्यांवर सिमेंटचे पांढरे गोल, धुऊनही न गेलेले. आई छापखान्यात पुस्तकांची पानं जुळवते.

"समजा एक जाडजूड पुस्तक आहे," डॉक्टरबाई म्हणाल्या, "आणि त्यात एका पानावर एक अक्षर चुकलंय. त्यामुळे पूर्ण पुस्तक—"

"एका पानासाठी पूर्ण प्रत रद्द नाही करत, मॅडम," आई मध्येच म्हणाली. "ते पान सापडलं तर बदलून चिकटवतात."

डॉक्टरबाई तिच्याकडे वळल्या. "चिकटवता येईलच असं नाही सांगत मी. पण आधी सापडायला तर हवं."

न सापडलं तर काय, हेही त्यांनी सांगितलं. तोंडातली नळी फार दिवस ठेवता येत नाही. पुढच्या गुरुवारी गळ्याला भोक पाडून तिथून नळी घालायची आणि त्याच भुलीत मांडीच्या स्नायूचा तुकडा काढायचा. मग बाळ त्या नळीसकट घरी. किती वर्षं, माहीत नाही. दरम्यान अंदाजाने एक औषध चालू केलंय. अशा आजारांत ते पुष्कळदा लागू पडतं.

फुलीसाहेबांनी या अर्जावर सही केली. निधीतली त्या वर्षाची ती आठवी तपासणी.

कुरिअरचा माणूस अकराला यायचा. पावणेअकराला डासताईच्या हातात फॉर्म पडला. आईला खालच्या खिडकीवर नावनोंदणीला पाठवलं होतं, बाप खाटेशी उभा होता. फॉर्मवर एक प्रश्न असतो, तो ती कधीच चुकवत नाही. तिने विचारलं, "बाळाला बाहेरचं रक्त चढवलंय का?"

"नाही," बाप म्हणाला. "मी रोज जायचो की तिथे."

तिने 'नाही'वर खूण केली. बाळाची नळी भरली, बापाची भरली. आई धावत आली तेव्हा तिची भरली. तिन्ही नळ्यांवर चिठ्ठ्या लावल्या, पेटीत बर्फाच्या पिशव्यांमध्ये उभ्या केल्या. अकराला दोन मिनिटं कमी असताना पेटी गेली.

बुधवारी सकाळी साखर तपासायला ती त्या खाटेपाशी गेली, तर आई बाळाच्या तळव्यावर बोट फिरवत बसली होती.

"ताई, एक विचारू? रक्त देणाऱ्याचा पत्ता मिळतो का हो?"

"कुठल्या रक्त देणाऱ्याचा?"

"तिकडे याला एक पिशवी लावली होती ना, लहानशी. रविवारी. तपासायला काढून काढून याच्यातलंच कमी झालं म्हणाले. हे त्या दिवशी कामावर होते, ह्यांना मी सांगितलंच नाही, उगाच घाबरले असते. मला वाटलं, त्या माणसाला एकदा भेटून यावं."

डासताईने हातातली सुई झाकली आणि ट्रेमध्ये ठेवली.

दुसऱ्याचं रक्त अंगात गेलं की काही दिवस त्या दुसऱ्याच्या पेशी बाळाच्या पेशींबरोबर फिरत राहतात. रोजच्या तपासणीला त्याने काही बिघडत नाही. पण इथे वाचायचं होतं ते एकेक अक्षर, आणि आता पानावर दोन माणसांचा मजकूर एकमेकांवर छापला गेला होता. जिथे चूक आहे नेमकं तिथेच त्या परक्याचं धडधाकट अक्षर दिसलं, तर प्रयोगशाळा लिहील, काही सापडलं नाही. कागद येईल, फाईलला लागेल. चूक कुणाची हे कुणालाही, कधीही कळणार नाही. न सापडण्याचं प्रमाण तसंही निम्म्याहून जास्त होतं.

हे सगळं तिला जिन्यावर कळलं, आयसीयू आणि डॉक्टरबाईंची खोली यांच्यामध्ये. सतरा पायऱ्या. ती मधल्या चौकात थांबली. खिडकीबाहेर कुणीतरी कपडे धुण्याच्या यंत्रातून चादरी काढत होतं. सगळ्या चादरी सारख्याच. तिच्या मनात आलं ते भलं नव्हतं: प्रश्न तर मी विचारला होता, उत्तर बापाचं. मग आणखी एक आलं: फुलीसाहेबांना निमित्तच हवंय. या चुकीवरून त्यांनी अख्खी तपासणी बंद केली तर पुढच्या दहा बाळांचं पाप कुणाच्या माथी? गप्प राहण्यासाठी इतकं चांगलं कारण आयुष्यात पहिल्यांदाच मिळत होतं.

ती उरलेल्या पायऱ्या चढली.

"मॅडम, नळी चुकली."

डॉक्टरबाईंनी सगळं ऐकून घेतलं. रागावल्या नाहीत, ते जास्त लागलं. त्यांनी प्रयोगशाळेला फोन लावला. नळ्या पोचल्या होत्या, काम नुकतंच सुरू झालं होतं. तिथला माणूस म्हणाला, आईबापाच्या नळ्या चालतील, बाळाची थांबवतो. त्याच्या नळीवरचा खर्च मात्र पुन्हा द्यावा लागेल. आणि रक्त चढवण्याच्या आधीचं काही असेल तर तेच पाठवा. नाहीतर थांबा महिनाभर.

"महिनाभर," डॉक्टरबाई फोन ठेवून म्हणाल्या. "आधीचं कुठून आणू? तिथल्या नळ्या तर कधीच फेकल्या असतील."

"नळ्या फेकल्या असतील," डासताई म्हणाली. "कार्ड फेकलं नसेल."

जन्मल्यानंतर दुसऱ्या दिवशी बाळाच्या टाचेला टोचून एका जाड कागदावरच्या पाच गोलांत रक्ताचे थेंब वाळवतात. दोन-तीन जन्मजात आजारांसाठी त्यातून टिकल्या कापून तपासतात. उरलेलं कार्ड सूतिकागृहात वर्षभर राहतं. डासताई लग्नाआधी बाळ जिथून आलं त्याच सूतिकागृहात कामाला होती.

"वाळलेल्या थेंबावर होतं का हे?" डासताईने विचारलं.

डॉक्टरबाईंनी पुन्हा फोन लावला. होतं. ओलं असतं तर बरं, पण होतं.

आता फुलीसाहेब. त्यांच्या खोलीत पंखा आणि वही, दोनच गोष्टी हलत होत्या. डासताई उभी राहिली. बसा म्हणाले तरी बसली नाही.

"म्हणजे एकाच बाळाचा खर्च दुसऱ्यांदा," ते म्हणाले.

"निम्मा, साहेब."

"निम्मा म्हणजे एक वॉर्मर. काल दोन बाळं एकाच वॉर्मरमध्ये होती, माहिती आहे का?"

"माहितीये. दोघांचं रक्त मीच काढलं. आधी एकाला सरकवावं लागलं."

त्यांनी वही तिच्याकडे फिरवली. "हे बघा. आतापर्यंत एकवीस जणांचं केलं. बारा जणांचं काहीच सापडलं नाही. नऊ जणांचं सापडलं. त्यात औषध निघालं तिघांना. बाकीच्या सहा जणांना नुसतं नाव कळलं. आजाराचं नाव. एवढ्या पैशात नाव."

डासताई वहीकडे बघत राहिली. शेवटच्या रकान्यावर 'उपयोग' असं लिहिलं होतं आणि खाली बहुतेक फुल्या होत्या.

"साहेब, हे अकरावं बाळ. याचं आठवतं?"

"औषध नव्हतं."

"नव्हतं. काहीच होणार नाही असा कागद आला. मग आईबापांनी मशीनवर ठेवायचं नाही असं ठरवलं आणि घरी नेलं. अकरा दिवस होतं. मोठ्या बहिणीच्या मांडीवर झोपायचं. त्या बाईने फोटो आणून दाखवला मला, वॉर्डात येऊन. तो कागद नसता तर ते पोर इथेच, नळ्यांत, महिना-दोन महिने... आणि मी रोज सकाळी टोचायला. हे कुठल्या रकान्यात लिहू?"

फुलीसाहेबांनी चष्मा काढला. पंखा फिरत राहिला.

"तुम्ही माझ्याशी भांडायला आलात की चूक कबूल करायला?"

"दोन्ही."

त्यांच्या ओठांच्या कडेला काहीतरी हललं. हसू होतं की नाही, सांगता येत नाही. त्यांनी एक कोरा कागद पुढे केला. "चूक तुमच्या हाताने लिहा. कशी झाली, ते पण. निम्म्या खर्चावर सही करतो. पण उरलेल्या दोन तपासण्या मी आजपासून थांबवतोय. समितीपुढे जाईल सगळं. ठीक?"

ठीक नव्हतं. तिने लिहिलं. 'मी बाळाच्या वडिलांना विचारले. बाळाजवळ दिवसरात्र असलेल्या व्यक्तीला विचारले नाही.' खाली तारीख.

सूतिकागृहाला दोन बसा बदलून जावं लागतं. आईची सही असलेलं पत्र तिच्या पर्समध्ये होतं. तिथल्या मोठ्या बाई, ज्यांच्या हाताखाली ती पहिल्यांदा टोचायला शिकली, अजून त्याच खुर्चीत होत्या, फक्त खुर्चीला नवी उशी आली होती.

"अगं बाई! डास! वीस वर्षांत फिरकली नाहीस आणि आज आलीस ती रिकाम्या हाताने?"

"कार्ड द्या, मग पुढच्या वेळी भरल्या हाताने येते."

"कसलं कार्ड?"

सांगितलं. बाईंनी पत्र उलटंसुलटं बघितलं. "ही सही आईचीच, कशावरून?"

"बाई, मी तुमची विद्यार्थिनी."

"म्हणूनच विचारते. तू शिकत होतीस तेव्हा हजेरीपटावर मैत्रिणीची सही करायचीस." त्यांनी पत्रावरच्या नंबरला फोन लावला. बाळाची जन्मवेळ विचारली, वजन विचारलं, आईला त्या दिवशी कुठल्या खाटेवर ठेवलं होतं ते विचारलं. मग उठल्या. लोखंडी कपाटात पुठ्ठ्याच्या खोक्यांत कार्डं होती, महिन्यावार.

पाचही गोल भरलेले होते. कडेपर्यंत, एकसारखे, वाळून तपकिरी झालेले. दोन गोलांतून टिकल्या कापलेल्या होत्या, तीन अखंड होते. वर तारीख: जन्माचा दुसरा दिवस. रक्त चढवलं होतं नवव्या दिवशी.

"नव्या पोरी दोन गोल भरतात आणि पोर रडलं की सोडून देतात," बाई म्हणाल्या. "मला म्हणतात, म्हातारी टाच पिळते. पिळते तर पिळते. कागदाला भूक असते, त्याला पोटभर द्यावं."

डासताईने कार्ड पातळ कागदात गुंडाळलं, पाकिटात घातलं आणि पाकीट बसमध्ये मांडीवर सपाट धरून बसली. पर्समध्ये दुमडलं जाईल म्हणून. शेजारच्या माणसाने विचारलं, "निकाल आहे का?" ती म्हणाली, "अजून नाही."

गुरुवारी ते प्रयोगशाळेत पोचलं. त्यानंतरचे दिवस बाळाचे वाईट गेले. आधी बोटं तरी हलत होती, ती थांबली. डोळे फिरायचे तेही मंदावले. डॉक्टरबाई अंदाजाच्या औषधाचा डोस वाढवायचा की नाही यावर दोनदा वरिष्ठांशी बोलून आल्या. आई जेवायला जाईना. बाप कामावरून यायचा आणि खाटेच्या पायाशी उभा राहायचा. एकदा डासताईला म्हणाला, "ताई, मीच 'नाही' म्हणालो ना."

"तू जे माहीत होतं ते सांगितलंस. विचारायला मी चुकले." मग ट्रे उचलत, "आणि तुझ्या घरात तुला कुणी काही सांगत नाही, हे तुझं तू बघ."

तो हसला. आईही हसली, तोंडावर पदर धरून. कित्येक दिवसांत पहिल्यांदा.

कागद बुधवारी दुपारी आला, ऑपरेशनच्या आदल्या दिवशी. डॉक्टरबाई पायऱ्या उतरून स्वतः खाली आल्या. चूक सापडली होती. नसेचा हुकूम स्नायूला जिथे मिळतो त्या जोडावरचा दोष. आईकडून एक, बापाकडून एक, दोन्ही मिळून बाळाला लागला. आईबापांपैकी कुणीही आजारी नाही, कुणाचाही अपराध नाही. हे त्या दोनदा बोलल्या.

"आणि आपण अंदाजाने जे देत होतो ना, ते बाकीच्या बहुतेक अशा आजारांत चालतं. या एकात उलटं जातं. त्यानेच तो खचत होता." त्यांनी औषधाच्या तक्त्यावर रेघ मारली. "ते आत्ता बंद. याला जे लागतं ते जुनंच औषध आहे. दम्याच्या पोरांना देतात ते, पातळ, बाटलीत मिळतं. कोपऱ्यावरच्या दुकानात."

"कोपऱ्यावरच्या?" बाप म्हणाला.

"तिथल्याच."

"मी आणू?"

"आमच्याकडे आहे. पण आणायचं असेल तर आणा," डॉक्टरबाई म्हणाल्या, आणि तो खरंच धावत गेला.

उद्याचं ऑपरेशन रद्द झालं. पण चमत्कार काही झाला नाही. पहिला आठवडा काहीच घडलं नाही. या औषधाला आठवडे लागतात, कधी महिने, आणि लागेलच अशी हमी नाही, हे डॉक्टरबाईंनी आधीच सांगून ठेवलं होतं. वॉर्डात माणसं दुसऱ्या गोष्टींकडे वळली. दहाव्या दिवशी सकाळी डासताईने टाच हातात घेतली, तर ती तिच्या हातातून सुटली. तिला वाटलं, आपलाच हात घसरला. तिने पुन्हा धरली. ती पुन्हा सुटली.

समिती बसली ती तिसऱ्या आठवड्यात. डासताईचं कबुलीचं पत्र फुलीसाहेबांनी तिथे वाचून दाखवलं, आणि खाली स्वतःची एक ओळ जोडली होती: या पत्राशिवाय चूक आम्हाला कधीच कळली नसती. पुढच्या वर्षासाठी दहाऐवजी आठ तपासण्या आणि एक वॉर्मर असं ठरलं. फॉर्मवरचा प्रश्न बदलला, आता तो आईला विचारायचा आणि सूतिकागृहाला फोन करूनही विचारायचा. या वर्षाच्या थांबवलेल्या दोन तपासण्या पुन्हा सुरू झाल्या. डासताईला वाटलं होतं दहाच राहतील. दोन बाळं कुठेतरी पुढे उभी होती, अजून जन्मली नव्हती, आणि त्यांना काही माहीत नव्हतं. त्या वॉर्मरमध्ये जे बाळ झोपेल तेही अजून जन्मलं नव्हतं. त्या दिवशी तिने घरी आल्यावर नवऱ्याच्या प्रश्नाला उत्तर दिलं नाही. त्याने मशीनचं चाक हाताने थांबवलं आणि उठून चहा ठेवला.

पाचव्या आठवड्यात नळी काढायचं ठरलं. सकाळी दहा वाजता. डॉक्टरबाई, एक सिस्टर, आईबाप. डासताईचं तिथे काहीच काम नव्हतं. ती शेजारच्या खाटेवरच्या बाळाचं रक्त काढायला आली होती आणि तिने ते नेहमीपेक्षा फार सावकाश चालवलं होतं.

चिकटपट्टी सोडवली. नळी ओढून काढली, एका दमात, ओली. बाळाचं तोंड पहिल्यांदाच पूर्ण दिसलं, गालांवर पट्टीचे लाल चौकोन. छाती खाली गेली. वर आली नाही. डॉक्टरबाईंचा हात मास्ककडे गेला. सिस्टर ऑक्सिजनचा आकडा वाचत होती: ब्याण्णव, नव्वद, अठ्ठ्याऐंशी.

छाती वर आली. पुन्हा आली, वाकडीतिकडी, मध्येच अडखळणारी, पण त्याची स्वतःची. एकोणनव्वद. त्र्याण्णव.

आणि मग आवाज. नळी घशातल्या पडद्यांमधून गेलेली असते, तोवर बाळाला आवाज काढता येत नाही. या बाळाला सात आठवडे झाले होते, पण जन्मानंतर दोन दिवस सोडले तर ते कुणाला ऐकू आलंच नव्हतं. बारीक, खरखरीत, गंजलेल्या बिजागरीसारखा आवाज. तो वाढत गेला.

आई दचकून मागे सरली. तिने डॉक्टरबाईंकडे पाहिलं, मग सिस्टरकडे, मग सगळ्यांत जवळ होती म्हणून डासताईकडे.

"ताई, हा रडतोय. त्याला दुखतंय का? थांबवू?"

"नको," डासताई म्हणाली. "रडू दे त्याला. चांगला रडू दे."

बाप गुडघ्यांवर हात ठेवून वाकला आणि ऐकत राहिला.